शाळा, पाळणा आणि गरिबी : खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवीस वर्षं मी नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत शिकवलं. पालकसभेत, ग्रामसभेत, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडून आणि आता स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांकडून फोनवर, फिरून फिरून तेच प्रश्न येतात. एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून ही उत्तरं. क्रम असा काही नाही, जो प्रश्न जास्त वेळा आला तो वर.

"पोरले शिकाडीसन काय व्हई?" (पोराला शिकवून काय होणार?)

शाळेचं एक वर्ष वाढलं की माणसाची कमाई सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढते, असं जगभरच्या पगारांचा अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ सांगतात. ते खरं असेल, पण बाप हा हिशेब विचारत नसतो. माझा पोऱ्या दहावी झाला तर त्याला नोकरी लागेल का, एवढंच त्याला हवं असतं. आणि त्याचं खरं उत्तर "सांगता येत नाही" हेच आहे.

मी त्याला दुसरी गोष्ट सांगतो. तळोद्याकडच्या एका शाळेत माझ्याकडे सहावीत एक मुलगी होती. बाप दरवर्षी कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जायचा. होळीला घरी आला तेव्हा त्याच्या खिशात मुकादमाने दिलेला हिशेबाचा कागद होता. पोरीने तो उलगडून वाचला आणि म्हणाली, "बाबा, दसऱ्याची उचल इथं दोनदा लिहिलीय." एकदा रोख दिली म्हणून आणि एकदा मागची बाकी म्हणून. अंगठा कुठे लावायचा यापलीकडे त्या माणसाला कागदातलं काही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, माझ्याकडून खात्री करून घेतली आणि तडक मुकादमाकडे गेला. सगळे पैसे सुटले नाहीत, अर्धे सुटले. नोकरी वगैरे काही नाही. पण त्या पोरीच्या सहावीपर्यंतच्या शिक्षणाची ही पहिली रोख कमाई.

गरिबी मोजतात तरी कशी? आमच्याकडे पिवळं कार्ड असलं की गरीब.

कार्डाचा रंग हा सगळ्यात कच्चा हिशेब. गावात ट्रॅक्टरवाल्याकडे पिवळं कार्ड निघतं आणि विधवा सालदारणीकडे कार्डच नसतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

जागतिक बँक पैशात मोजते. २०२५ च्या जूनपासून तिची अतिगरिबीची रेषा माणशी दिवसाला ३ डॉलर आहे. हा डॉलर बाजारभावाचा नाही, तेवढ्या पैशात आपल्याकडे काय विकत मिळतं त्यावरून काढलेला आहे. म्हणून ३ ला रुपयाच्या भावाने गुणून घाबरायचं नाही किंवा खूशही व्हायचं नाही.

नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक मला जास्त पटतो. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान असे त्याचे तीन भाग, आणि एकूण बारा निकष. शिक्षणाचे दोन. घरातल्या दहा वर्षांवरच्या एकानेही सहा इयत्ता पूर्ण केलेल्या नाहीत, हा एक. आठवीच्या वयापर्यंतचं मूल शाळेत जात नाही, हा दुसरा. प्रत्येकाचं वजन सहावा हिस्सा. एकूण वंचितता तिसऱ्या हिश्श्याला पोचली की घर गरीब धरलं जातं. म्हणजे बाकी चूल, नळ, छप्पर, बँक खातं सगळं ठीक असलं, तरी या दोन निकषांत घर मागे पडलं की गरिबीत मोजलं जातं.

या मोजणीत २०१५-१६ साली महाराष्ट्रात १४.८ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ पर्यंत ते ७.८ टक्क्यांवर आले. पण त्याच पहिल्या मोजणीत नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त लोक गरीब निघाले, राज्यात सर्वाधिक. धुळ्यात तिसरा हिस्सा. राज्याची सरासरी वाचून आपल्याकडचं काही कळत नाही ते यामुळे.

शिकलेल्या बाईला मुलं कमी का होतात? शाळेत असं काय शिकवतात?

शाळेत याबद्दल जवळपास काहीच शिकवत नाहीत, गंमत तीच आहे. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधीच शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं आणि बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८, असा फरक दिसतो. देशाची सरासरी २.०, महाराष्ट्राची १.७. लोकसंख्या आहे तिथे राहायला २.१ लागतात, म्हणजे आपलं राज्य त्याच्या खाली गेलेलं आहे.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहिलं साधं वयाचं. मुलगी बारावीपर्यंत शाळेत राहिली तर अठराच्या आधी बोहल्यावर चढत नाही. सोळाव्या वर्षी पहिलं बाळंतपण आणि बाविसाव्या वर्षी पहिलं बाळंतपण यात एक-दोन मुलांचा फरक तसाच पडतो.

दुसरं बाळ जगण्याचं. शिकलेली आई लसीचं कार्ड जपून ठेवते, जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी पाजते, दवाखान्यात "पुढच्या खिडकीवर जा" म्हटलं तर दमून परत फिरत नाही. जन्मलेली मुलं जगणार याची खात्री आली की "एखादं गेलं तर" म्हणून जास्तीचं मूल होऊ देण्याची गरज उरत नाही.

तिसरं घरातल्या वजनाचं. सासूला "आता बास" म्हणायला नुसतं शहाणपण पुरत नाही, बाईच्या पाठीशी काहीतरी असावं लागतं. बचत गटाचं पासबुक, अंगणवाडीतली नोकरी, निदान आपल्या हाताने केलेली सही.

आणि चौथं, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही : मुलाची किंमत बदलते. कापूस वेचणीच्या दिवसांत आठ वर्षांचं पोर ओढणीची झोळी कमरेला बांधून आईच्या पुढच्या ओळीत चालतं. ते पोर म्हणजे घराला दोन जास्तीचे हात. तेच पोर शाळेत गेलं की हात कमी होतात आणि वह्या, गणवेश, क्लास असा खर्च सुरू होतो. आईबापांनी अर्थशास्त्र वाचलेलं नसतं, पण हा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. चार हात नकोत, दोन शिकवू, असं घर आपणहून ठरवतं.

मग गरिबांना हे कळत नाही का? मुलं वाढवून ते स्वतःच गरीब राहतात.

हा प्रश्न बहुधा पगारदार माणूस विचारतो. ज्याला पेन्शन नाही, जमीन नाही, विमा नाही, त्याचं म्हातारपण म्हणजे त्याची मुलं. आणि ती सगळी जगतील याची हमी नाही. अशा घराने चार मुलं होऊ दिली तर तो अडाणीपणा नव्हे. पेन्शन आणि चालू असलेला दवाखाना त्याच घराला द्या आणि पुढच्या पिढीत काय होतं ते बघा.

खान्देशात हे खरंच दिसतं का?

भुसावळहून सुरतेची पॅसेंजर पकडा. जळगाव, धरणगाव, अमळनेर, पुढे धुळे जिल्ह्यातलं नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा आणि मग नंदुरबार. पाच-सहा तासांच्या प्रवासात तुम्ही लोकसंख्येच्या तीन टप्प्यांतून जाता.

२०११ च्या जनगणनेत जळगावची साक्षरता ७८ टक्क्यांच्या आसपास, धुळ्याची ७३, नंदुरबारची ६४, राज्यात सगळ्यात कमी. आता २००१ ते २०११ या दहा वर्षांत लोकसंख्या किती वाढली ते पाहा. जळगाव ३६.८ लाखांवरून ४२.३ लाख, म्हणजे साधारण १५ टक्के. धुळे १७.१ वरून २०.५, म्हणजे २० टक्के. नंदुरबार १३.१ वरून १६.५, म्हणजे २५ टक्क्यांच्या वर. साक्षरता पायरी पायरीने उतरते आणि वाढीचा वेग पायरी पायरीने चढतो.

यावरून "एकामुळेच दुसरं" असं लगेच म्हणू नका. नंदुरबारमध्ये सत्तर टक्क्यांच्या जवळपास लोक आदिवासी आहेत, अक्राणी आणि अक्कलकुव्याचे पाडे सातपुड्याच्या घड्यांमध्ये विखुरलेले आहेत. जिथे रस्ता पोचला नाही तिथे शाळाही उशिरा पोचली, परिचारिकाही आणि रेशनही. जळगावला केळी आहे, कापूस आहे, भुसावळचं रेल्वे जंक्शन आहे, दालमिली आणि चटईचे कारखाने आहेत. शिक्षण, पैसा आणि छोटं कुटुंब ही एकमेकांना ओढत पुढे नेतात, किंवा एकमेकांना धरून मागे बसतात.

त्यात पुन्हा आपल्या हातातली जनगणना २०११ ची. तेव्हा पहिलीत असलेली मुलगी आज मतदार आहे, कदाचित आईही.

म्हणजे जळगाव सगळ्यात पुढे, नाही का?

एका आकड्यात जळगाव या तिघांत सगळ्यात मागे आहे. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली किती, तर २०११ साली जळगावात ८५० हूनही कमी. नंदुरबारमध्ये ९३० च्या वर. कमी शिकलेल्या, गरीब, डोंगरातल्या जिल्ह्यात मुली जन्माला येत होत्या आणि केळीच्या पट्ट्यात येत नव्हत्या.

शिक्षणाने कुटुंब लहान केलं, पण "एक तरी मुलगा" ही हौस तशीच ठेवली. चार मुलं होती तेव्हा त्यात एक मुलगा निघायचाच. दोनच ठेवायची आणि त्यात मुलगा हवा, तर मग सोनोग्राफीवाल्याकडे जाणं आलं. गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा १९९४ चा आहे, आणि तो मोडणारा डॉक्टर अडाणी नसतो, मोडायला लावणारं घरही नसतं. शिक्षणाने सगळं सुधारतं असं जे म्हणतात त्यांना मी हा आकडा दाखवतो.

आता त्याची फळं पाहा. तिशी ओलांडलेला, बागायती असलेला, ठिबक केलेला पोरगा आणि लग्न जमत नाही. शेतकरी मुलगा म्हटलं की मुलीकडचे उठून जातात. मग दलाल गाठायचा, परराज्यातली मुलगी आणायची, लाख-दोन लाख मोजायचे, आणि आठ-पंधरा दिवसांत नवरी दागिन्यांसकट गायब. दर काही दिवसांनी अशी बातमी येते आणि लोक चहा पिता पिता हसतात. वीस वर्षांपूर्वी ज्या मुली जन्मू दिल्या नाहीत त्यांची ही बातमी आहे, हे मात्र कोणी म्हणत नाही.

लोकसंख्येचा लाभांश म्हणतात तो काय? आणि तो आपल्याला मिळतोय का?

घरात कमावणारे हात किती आणि खाणारी तोंडं किती, एवढाच हा हिशेब आहे. जन्मदर उतरायला लागला की वीस-तीस वर्षं अशी येतात की लहान मुलं कमी झालेली असतात, म्हातारे अजून वाढलेले नसतात, आणि मधली कमावती फळी जाड असते. या काळात घराच्या आणि देशाच्या हातात शिल्लक राहते. ती शाळेत, कारखान्यात, रस्त्यात गुंतवली तर देश वर येतो.

दक्षिण कोरियाने हे करून दाखवलं. १९६० साली तिथे बाईमागे सहा मुलं होती, १९८३ च्या सुमारास दोन. त्या वीस वर्षांत मुलांना शाळेत घातलं आणि शाळेतून निघालेल्यांसाठी कारखाने उभे केले. पूर्व आशियाच्या त्या काळातल्या वाढीचा तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचा भाग या वयोरचनेमुळे आला, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये आजही बाईमागे सहाच्या आसपास मुलं आणि जवळपास निम्मी लोकसंख्या पंधरा वर्षांच्या आतली. तिथे कमावणाऱ्याच्या पाठीवर इतकी तोंडं आहेत की शिल्लक उरतच नाही.

आपण मध्ये आहोत. हात तयार झालेत, काम कमी आहे. आणि निम्मे हात, म्हणजे शिकलेल्या मुलींचे, घरातच आहेत. बी.ए. झालेली सून भाकऱ्या थापते याला माझी हरकत नाही. गावात दुसरं काही करण्याजोगं नाही आणि तालुक्याला जायची शेवटची बस पाचला सुटते, याला आहे.

मुलं कमी झाली की गरिबी आपोआप जाते का?

नाही. शेताकडे बघा. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी धारण क्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ साली १.३४. आजोबांची दहा एकर, चार मुलांत अडीच-अडीच, नातवांत सव्वा-सव्वा. आजचा नातू एकाच मुलावर थांबला म्हणून ती जमीन परत जुळत नाही. मागच्या दोन पिढ्यांची वाटणी सातबाऱ्यावर चढलेली असते आणि विहिरीत प्रत्येकाचा आठवा हिस्सा. जन्मदर उतरल्याचा फायदा मिळतो तो पुढच्या मुलावर जास्त खर्च करता येतो म्हणून, आणि ते मूल शेताबाहेर काही करू शकलं तरच.

पदवी आहे, नोकरी नाही. मग शिक्षण फसलं असंच म्हणायचं ना?

पहाटे साडेचारला धुळ्याच्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा. पोलीस भरतीची पोरं, आता पोरीही, अंधारात धावताना दिसतील. दिवसा अभ्यासिकेत, महिन्याचे पैसे भरून मिळालेल्या खुर्चीवर. चार वर्षं, पाच वर्षं. यातली बहुतेक भरती होणार नाहीत, कारण जागा मोजक्या आहेत. ही साधी वजाबाकी आहे.

शिक्षण फसलं असं मी म्हणणार नाही, पण शिक्षणाचा एकच अर्थ घेतला गेला, तो फसला. सरकारी नोकरी हाच शिक्षणाचा मोबदला असं ठरलं की बाकी सगळं कमीपणाचं वाटतं. वीजपंपाची वाइंडिंग करणारा पोरगा पदवीधरापेक्षा जास्त कमावतो, तरी सोयरीक जमवताना त्याचा धंदा हळू आवाजात सांगतात.

दुसरी बाजू अशी की कारखानेच नाहीत तर कौशल्य शिकून करायचं काय? म्हणून पोरं चाकणला जातात, नाशिकच्या सातपूर-अंबडला जातात आणि सगळ्यात जास्त सुरतेला. उधना आणि लिंबायतमध्ये अहिराणी इतकी ऐकू येते की आपण राज्य ओलांडलंय हे विसरायला होतं. शेताने तीन पिढ्यांत दिलं नाही ते घर सुरतेत यंत्रमागावर काम करणाऱ्या पोराने बांधलं, अशी कितीतरी गावं मला माहीत आहेत. सुरतला मी नावं ठेवत नाही. दोंडाईचा किंवा शहाद्याला तसं काही का उभं राहिलं नाही, हा प्रश्न तेवढा आमदारकीच्या सभेत विचारा.

आमचं मूल पाचवीत आहे, पण धड वाचता येत नाही. शाळेत घातलं तरी काय उपयोग?

तुमचं एकट्याचं मूल नाही. 'असर' या देशभरच्या ग्रामीण पाहणीत २०१८ साली पाचवीतली निम्मीच मुलं दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचू शकली. शाळेत किती वर्षं काढली आणि त्यातून काय आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबी कमी होते ती त्यातून काय आलं त्याने.

आपल्याकडे भाषेची अडचण मोठी आहे आणि ती शिक्षक म्हणून मला फार उशिरा कळली. पहिल्या वर्षी मी पावरी बोलणाऱ्या मुलांसमोर पाठ्यपुस्तकातलं मराठी मोठ्याने वाचायचो आणि मुलं "मंद" आहेत असं शेरेबुकात लिहायचो. एका पोराच्या आजीने मला विचारलं, "गुरुजी, तुम्हाला आमचं बोलणं येत नाही, मग मंद कोण?" तिने हे पावरीत विचारलं आणि दुसऱ्या मुलाने मला मराठीत सांगितलं. तो मुलगा वर्गातल्या माझ्या "मंद" यादीत होता.

घरची भाषा भिली, पावरी किंवा अहिराणी असेल तर पहिली दोन वर्षं त्या भाषेतून सुरुवात करून मराठीकडे न्यावं लागतं. नर्मदाकाठच्या मणिबेली, चिमलखेडीतल्या नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांनी १९९० च्या दशकात तेच केलं. पालकांनी एक करावं : घरी मुलाशी तोडकं मराठी बोलू नये. आपली भाषा भरपूर बोलावी, गोष्टी सांगाव्यात. शब्द डोक्यात असले की अक्षरं नंतर जोडता येतात.

कोयत्याला जाणाऱ्या घरातल्या मुलांचं काय होतं?

दिवाळीनंतरचा हजेरीपट पाहायचा. आधी भरलेली पानं आणि मग एका रेषेत "गै, गै, गै". नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली माणसं बारडोली, व्यारा, भरूचकडच्या साखर कारखान्यांच्या उसाला जातात. कोयता म्हणजे हत्यार, पण हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीवर मिळते, एकट्याला नाही. म्हणून लग्न लवकर लावतात, कारण लग्न म्हणजे नवा कोयता. शिक्षण, लग्नाचं वय आणि गरिबी यांची गाठ याच्याइतकी स्पष्ट मला कुठे दिसली नाही.

आई-बाप फडात असतात तेव्हा दहा वर्षांची मुलगी पालावर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, मोठा भाऊ वाढे बांधतो. होळीला चार दिवस सगळे परत येतात, काठीची होळी होते, मुलगा शाळेत येऊन मागच्या बाकावर बसतो. चार महिन्यांत वर्ग भागाकारावर पोचलेला असतो. तो पुन्हा येत नाही, आणि त्याला "गळती" असा शब्द आहे, जणू नळ खराब होता.

उपाय माहीत नाहीत असं नाही. हंगामी वसतिगृह गावातच चालवायचं, म्हणजे मुलं आजी-आजोबांकडे राहून शिकतात. पण ते ऑक्टोबरला सुरू व्हायला हवं. मंजुरी डिसेंबरात आली, तर तोवर टेम्पो निघून गेलेला असतो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अजूनही लहान मुलींची लग्नं होतात का?

होतात. २०१९-२१ च्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या मुली धरून महाराष्ट्रात २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. धुळे जिल्ह्यात हा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास, परभणी आणि बीडच्या पंगतीत.

आखाजी हा आपला माहेराचा सण. झोका, गाणी, सासुरवाशिणीची वाट. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं सुरू होतं, म्हणजे हातात थोडा पैसा असतो, माणसं गावात असतात. घरात थोरलीचं लग्न निघालं की "एकाच मांडवात उरकू" म्हणून नववीतल्या धाकटीलाही हळद लागते. एका मांडवाचा, एका जेवणावळीचा खर्च वाचतो. बापाला मी दोष देतो, पण तो खर्च खोटा नाही हेही मला माहीत आहे.

नववी मी मुद्दाम म्हटलं. बऱ्याच गावांत शाळा आठवीपर्यंत किंवा त्याहूनही कमी. पुढची शाळा सहा-सात किलोमीटरवर. मुलगी घरी बसली की वर्षभरात पाहुणे येतात.

दोन अपत्यांचा कायदा कडक केला तर?

चीनचं उदाहरण लोक देतात. तिथला जन्मदर १९७० च्या दशकातच, एक मूल धोरण येण्याआधी, निम्म्याहून खाली आला होता. धोरण १९८० ते २०१५ चाललं आणि आता ते मुलं व्हावीत म्हणून पैसे देतात. केरळने सक्तीशिवाय तोच पल्ला गाठला.

आपल्याकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं. त्याने मुलं कमी झाली का ते सोडा, पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये काकाच्या नावावर लागलेली मुलं मी पाहिलीत. बाप वर्गाच्या दारात उभा आणि कागदावर दुसराच. आणि भार कोणावर? २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बाईची नसबंदी झालेली ३७.९ टक्के, पुरुषाची ०.३ टक्के.

पैसे किंवा सोयी दिल्याने मुली खरंच शाळेत टिकतात का?

टिकतात. बांगलादेशने १९९४ पासून खेड्यातल्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी भत्ता दिला. अटी तीन : हजेरी पाऊणपट, परीक्षेत ठरावीक गुण, आणि लग्न करायचं नाही. त्या शिकलेल्या मुलींना पुढे कपड्यांच्या कारखान्यांत काम मिळालं. १९७० च्या दशकात बाईमागे सहाहून जास्त मुलं असलेल्या त्या देशात आज सव्वादोनच्या आसपास आहेत. मेक्सिको आणि ब्राझीलनेही मुलाच्या हजेरीवर आईच्या हातात पैसे दिले.

आपल्याकडची मला सगळ्यात आवडलेली योजना म्हणजे एसटीचा मोफत पास आणि सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली ती निळी बस. काही भव्य नाही. बस शाळेच्या वेळेला येते, मुलगी चढते, संध्याकाळी घरी पोचते, आणि बाप "वाटेत काही झालं तर" म्हणायचा थांबतो. बस बंद पडली की दोन महिन्यांत बाकं रिकामी होतात. हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलं.

मुलं कमी, पोरं सुरतेला. म्हातारपणी आमचं काय?

हा प्रश्न अलीकडचा आहे आणि वाढत जाणार आहे. २०११ सालीच महाराष्ट्रात साठीपुढचे जवळपास १० टक्के होते, देशात ८.६. श्रावणबाळचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, त्यात रक्तदाब-साखरेच्या गोळ्या भागतात, गोळ्या सरकारी दवाखान्यात असतील तर. श्रीमंत देश आधी श्रीमंत झाले आणि मग म्हातारे. आपल्याकडे ही दोन्ही कामं एकदमच चाललीत.

आम्ही मधूनच परत आलो. शाळा म्हणते दाखला नाही तर प्रवेश नाही. काय करायचं?

शाळेला असं म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मूल मागे पडलं असेल तरी त्याला वयानुसार वर्गात बसवायचं आणि वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. तोंडी नकार दिला तर "हे लिहून द्या" एवढंच म्हणा. बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो. नाही मिटला तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. अर्जाची पोच घ्या.

निघण्याआधी शाळेतून मुलाचं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. कुठली इयत्ता, काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि जिथे जाल तिथल्या शाळेत ते चालतं. सुरतेला चालला असाल तर तिथे महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, उतरल्यावर पहिल्या आठवड्यात चौकशी करा. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवा. पालावर पहिल्या अवकाळी पावसात कागदच आधी भिजतात.